जुन्या बाजारातली शोधाशोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी मी कापडी पिशवी घेऊन जिन्यात आले की शेजारच्या काकू दार उघडून विचारतात, "आज पण भंगार का?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. बाकीच्या, ओळखीपाळखीच्या लोकांकडून येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवते. मी पुण्याची, त्यामुळे बहुतेक सगळं पुण्याच्या जुन्या बाजाराबद्दल आहे. मुंबईचा चोर बाजार अधूनमधून येईल, गोवा अगदी थोडा.

जुना बाजार नक्की कुठे आणि कधी भरतो?

मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाच्या आसपास. नाव मंगळवार असलं तरी बाजार बुधवारी आणि रविवारी. मेट्रोचं मंगळवार पेठ स्थानक जवळ पडतं. चारचाकी घेऊन येऊ नका. लावायला जागा मिळत नाही, आणि समोर गाडी दिसली की भाव चढतो तो वेगळाच.

किती वाजता जावं?

पथाऱ्या मांडल्या जात असताना. पोतं उघडलं की पहिला हात घालणारे नेहमीचे लोक असतात. त्यात दुकानदार असतात, नाण्यांचे षौकीन असतात आणि सिनेमा-नाटकाला सामान पुरवणारेही असतात. चांगली वस्तू बऱ्याचदा जमिनीवर टेकायच्या आतच हात बदलते. दुपारी गेलात तर गर्दी आणि ऊन दोन्ही मिळेल, पण उरलासुरला माल मिटवून निघायच्या घाईत एखादा विक्रेता स्वस्तातही देऊन टाकतो. दोन्ही वेळांची मजा वेगळी आहे. मी सकाळवाली.

पावसाळ्यात फार अपेक्षा ठेवू नका. दिवाळीची आवराआवर झाली की माळ्यावरचं सामान बाहेर पडतं, तेव्हा जरूर जा.

बरोबर काय न्यायचं?

लोहचुंबक, भिंग, मोजपट्टी, मोबाइलचा टॉर्च. नाणी बघणार असाल तर खिशात मावणारा छोटा वजनकाटा. सुटे पैसे. जुनं वर्तमानपत्र, कारण काचेची वस्तू तुमच्या हातात नुसतीच ठेवली जाते. आणि ओला रुमाल, कारण अर्ध्या तासात हात काळे होतात.

एवढ्या पसाऱ्यात नेमकं काय बघायचं तेच कळत नाही. सुरुवात कशी करू?

आधी बाजारात जाऊच नका. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे आणि आयुष्यभर गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू त्यांनी जमवल्या. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. तिथे अडकित्त्यांसमोर पंधरा मिनिटं उभे राहा. सुपारी कातरायची साधी वस्तू, पण कुणाच्या मुठी मोर आहेत, कुणाच्या घोडा, कुठे बाई आणि बुवा. दिव्यांचंही तसंच. एकदा तो दर्जा डोळ्यात बसला की बाजारातला नवा, साच्यातून काढलेला अडकित्ता लांबूनच ओळखू येतो.

मग एक विषय धरा. पहिल्या वर्षी फक्त दिवे, किंवा फक्त कुलपं, किंवा फक्त काडेपेट्यांवरची लेबलं. सगळं बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. मी पहिली दोन वर्षं सगळं घेत होते. त्यातलं निम्मं मीच पुढे रद्दीवाल्याला घातलं.

आणि एक सवय लावून घ्या, वस्तू उलटी करायची. समोरची बाजू विकणाऱ्याने तुमच्यासाठी घासूनपुसून ठेवलेली असते. बुडाकडे त्याचं लक्ष गेलेलं नसतं.

पितळ-तांब्याचं भांडं खरंच जुनं आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्यांदा चुंबक लावा. पितळ, तांबं, कासं यांना चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरून मुलामा.

मग झीज बघा. रोजच्या वापरातलं भांडं हाताला लागतं तिथेच झिजतं. तांब्याच्या गळ्याशी, कडीच्या आतल्या बाजूला, समईच्या दांड्याला जिथे मूठ बसते तिथे, ताम्हनाच्या बुडाला. नवं भांडं 'जुनं' करताना त्याला रसायनाने काळं करतात, आणि काळेपणा सगळीकडे सारखा उतरतो. जिथे शंभर वर्षं हात फिरला असता तिथेही काळं, आणि जिथे कधीच हात पोचला नसता तिथेही तेवढंच काळं. नाकाजवळ धरलं तर कधी कधी आंबट, झोंबणारा वास येतो.

स्क्रू असेल तर त्याचं डोकं बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचा, म्हणजे फिलिप्स स्क्रू, १९३० च्या दशकात आला. 'पेशवाईतला' म्हणून दाखवलेल्या पानदानाच्या बिजागरीला मी तो स्क्रू पाहिला आहे. विक्रेत्याला दाखवला तर म्हणाला, "ताई, दुरुस्ती केली असंल पेशव्यांनी." हसावं की रागवावं कळेना.

काशाची वाटी असेल तर बोटाच्या पेराने टिचकी मारा. काशाचा नाद लांबतो, पितळेचा लगेच बसतो. तळपायाला तूप लावून घासायची वाटी बाजारात बरेचदा पितळेचीच काशाची म्हणून खपवतात.

आणि 'जर्मन सिल्व्हर' म्हटलं की चांदी समजू नका. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी औषधालाही नाही. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला 'जर्मनचं' म्हणतात, ती तिसरीच भानगड.

भांड्यावर कोरलेली नावं आणि आकडे असतात, त्यावरून काय कळतं?

पुष्कळ. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती म्हणून मराठी भांडं स्वतःची जन्मपत्रिका घेऊनच येतं. टिंबाटिंबांनी ठोकलेलं नाव, कधी गाव, कधी 'यांचे स्मरणार्थ', कधी लग्नाची तारीख. 'शके' लिहिलं असेल तर त्यात ७८ मिळवा. शके १८६० म्हणजे साधारण १९३८. 'संवत' असेल तर ५७ वजा करा. गुजराती-मारवाडी घरातल्या भांड्यांवर संवत दिसतो.

माझ्याकडे एक ताम्हन आहे. बुधवारी, कुलपं आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगाखाली ते पालथं पडलं होतं. बुडावर बारीक टिंबांत 'चि. सौ. कां.' एवढं स्पष्ट, पुढचं नाव अर्धवट आणि आडनाव घासून घासून पार गेलेलं. शेवटी शके १८५४. म्हणजे १९३२ च्या सुमाराला कुणा मुलीला लग्नात आलेलं. आडनावाची जागा नेमकी तिथे, जिथे राखेने घासताना अंगठा दाबला जातो. नवं कोरलेलं नाव असतं तर टिंबांच्या कडा बोटाला टोचल्या असत्या. इथे बोट फिरवलं तर खाचा गुळगुळीत लागतात. जुन्या-नव्याची यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही.

कधी कधी विक्रेतेच नाव घासून काढतात, 'दुसऱ्याचं नाव कोण घेईल' म्हणून. मला मात्र नावाशिवाय भांडं म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट वाटतं.

अशी भांडी स्वयंपाकाला वापरता येतील का?

पितळ आणि तांब्याच्या भांड्यात शिजवायचं असेल तर आतून कल्हई हवी. कल्हईवाले कमी झालेत, पण आहेत. भाता, नवसागर, कथील, कापसाचा बोळा, आणि तापलेल्या भांड्यातून उठणारा पांढरा धूर. एकदा जरूर बघा. कल्हई नसलेल्या भांड्यात आमटी, ताक, चिंचेचं काहीही करू नका. डाग दिलेलं, म्हणजे सांध्याला धातूचा लेप लावून गळती बुजवलेलं भांडं मी शोभेलाच ठेवते. तो लेप शिशाचा असू शकतो.

मराठी मुलखातल्या कुठल्या वस्तू शोधण्याजोग्या आहेत?

माझी आवड सांगते. एक, 'प्रभाकर' कंदील. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली ओगले बंधूंनी काच कारखाना उभारला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि तिथला हा कंदील घराघरांत गेला. घेताना नाव उठावाने आहे का बघा, काच वर उचलायची तार नीट चालते का बघा, आणि तेलाच्या टाकीला बुडाशी गंजाचं भोक नाही ना ते बघा. उलटं करून.

दोन, मापं. धान्य मापायची लाकडी किंवा पितळी. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पूर्ण संच एका जागी मिळत नाही. चिपटं एका रविवारी, मापटं दुसऱ्या वर्षी. त्यातच गंमत आहे. माझ्या सासूबाईंना लाकडी मापटं दाखवलं तर त्यांनी काही न बोलता डब्यातले तांदूळ भरले, वर तळहात फिरवून सपाट केले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." मी पावती मागितली नसती इतकी ती खात्री.

तीन, काडेपेट्यांची लेबलं. अंबरनाथच्या विमकोची, त्याआधीची स्वीडनहून आलेली. स्वस्त असतात, जागा खात नाहीत, आणि त्या निमित्ताने छपाईचा अख्खा इतिहास हाताखालून जातो.

जुनी नाणी घ्यावीत का? शिवराई मिळते म्हणतात.

मिळते. खोटीही मिळते, आणि खोटी जास्त चकचकीत 'जुनी' दिसते.

शिवराई तांब्याची. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. शिवाजी महाराजांच्या नंतरही, पेशवाईत आणि त्यापुढेही, हीच अक्षरं नाण्यांवर पाडली जात होती. त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. विक्रेता तसं म्हणेलच. खरी शिवराई हाताने ठोकलेली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर क्वचितच उमटतो. कुठे 'राजा' अर्धा, कुठे 'पति' कडेबाहेर. सगळी अक्षरं बिंदूंच्या वर्तुळासकट नीटनेटकी बसलेली दिसली तर मला शंका येते. भिंगातून बघा. ओतीव नाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे फुगे दिसतात आणि कडेला सांध्याची रेघ. आणि कुणी महाराजांचा सोन्याचा होन काढून दाखवला तर नमस्कार करा आणि पुढच्या पथारीकडे वळा.

चांदीच्या रुपयाचं गणित सोपं आहे. ब्रिटिश अमलातला रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुना एक तोळा. आताचे सराफ तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, तो नाही. १९३९ पर्यंतच्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी, १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच. १९४७ चा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो आणि ते बरोबरच आहे. पण व्हिक्टोरिया राणीचा रुपया चिकटला तर तो खोटा. राणीच्या रुपयावर आधी 'क्वीन' आहे, १८७७ पासून 'एम्प्रेस'. १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मिळ, म्हणून त्याच्या नकला भरपूर.

राम-सीता-हनुमान असलेलं, ईस्ट इंडिया कंपनीचं, १८१८ सालचं नाणं 'तांदूळ ओढतं', 'लाखोंना जातं' वगैरे कुणी सांगू लागलं तर थांबून ऐका. कथा छान असते. पैसे देऊ नका. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही.

आणि घेतलेलं नाणं घरी चिंचेने घासू नका. त्यावरचा काळसर थर हाच त्याचा भाव. मी एकदा घासला आहे. नाणं सुंदर चकाकलं आणि ज्याला दाखवायला नेलं त्याने कपाळाला हात लावला.

पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन घ्यायचाय. चालेल का?

दिवाणखान्यात ठेवायला घ्यायचा असेल तर घ्या. जुना म्हणून घेऊ नका.

चकचकीत पितळी कर्णा, खाली आठ कोनांची लाकडी पेटी, वर कुत्र्याचं चित्र. चोर बाजारात अशी यंत्रं ओळीने मांडलेली असतात. बहुतेक सगळी नवी जुळवलेली. आतली मोटर खरी जुनी असू शकते, ती कुठल्या तरी मोडलेल्या, पेटीसारख्या बंद होणाऱ्या ग्रामोफोनमधून काढलेली असते. १९२० च्या दशकानंतर कर्णा पेटीच्या आतच गेला होता. म्हणजे आपल्या आजोबांच्या लग्नात वाजलेला ग्रामोफोन बहुधा सुटकेससारखा होता. तो काळा किंवा निळा, कोपरे घासलेला, बिनकर्ण्याचा आहे म्हणून लोक ओलांडून जातात. तोच घ्या. चावी फिरवून तबकडीचा गोल एकसारखा फिरतोय का बघा. 'टक्' आवाज होऊन चावी एकदम सैल झाली तर आतली स्प्रिंग तुटलेली आहे.

तबकड्यांबद्दल. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या. पडल्या की कपबशीसारख्या फुटतात. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, पुढे कलकत्त्याच्या डमडमच्या कारखान्यात एच.एम.व्ही.च्या तबकड्या निघाल्या. आपल्याकडच्या बाजारात नाट्यगीतांच्या तबकड्या अजून सापडतात, पाकीट गेलेलं असतं एवढंच. पुसताना स्पिरिट किंवा सॅनिटायझर कधीच वापरू नका, लाख त्यात विरघळते. ओलसर मऊ फडकं, लगेच कोरडं, बस. लोखंडी सुई प्रत्येक बाजूला नवी घालायची असते. तीच सुई वाजवत बसलात तर तबकडीच्या खाचा कापल्या जातात. आणि चावीच्या ग्रामोफोनवर प्लॅस्टिकची एल.पी. लावू नका. त्या जड सुईखाली ती एका दमात खलास होते.

जुनं घड्याळ?

एच.एम.टी.पासून सुरुवात करा. सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने बंगळूरला १९६१ मध्ये घड्याळं बनायला लागली. जनता, पायलट, सोना, कांचन ही नावं आपल्या वडिलांच्या मनगटावर होती. चावी दिली की चालतात आणि दुरुस्त करणारे अजून आहेत.

पण तबकडी भिंगातून बघा. जुन्या घड्याळाची तबकडी नव्याने रंगवून विकायचा मोठा उद्योग आहे. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, तास दाखवणाऱ्या खुणांपासून छापलेले आकडे किंचित सरकलेले, कंपनीने कधीच न केलेला गुलाबी किंवा पोपटी रंग, ही लक्षणं. आत एका कंपनीचं यंत्र, वर दुसरीची तबकडी, काटे तिसरीचे असंही असतं. मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. "उघडत नाही" म्हणाला तर तुम्हीही पाकीट उघडू नका. मी एक निळ्या तबकडीचं 'पायलट' घेऊन घरी आले, तेव्हा नवऱ्याने भिंग न लावताच दाखवलं की शेवटचं अक्षर तिरकं आहे. अजून घालते ते. वेळ बरोबर दाखवतं.

आणि कॅमेरे?

आगफा क्लिक थ्री सापडला तर घ्या. वडोद्याला बनायचा, त्याची १२० आकाराची फिल्म आजही मिळते. कॅमेऱ्याच्या भिंगावर बॅटरी मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का बघा. असेल तर सोडून द्या.

रविवर्म्याचं 'ओरिजिनल' चित्र पाचशे रुपयांत मिळतंय, घेऊ?

'ओरिजिनल' म्हणजे हाताने काढलेलं तैलचित्र पाचशेत मिळणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण जुना छाप मिळू शकतो आणि तो घेण्यासारखा असतो. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि १९०१ मध्ये फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. त्यामुळे जुन्या छापांवर खाली इंग्रजीत 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असं दिसतं.

भिंग लावा. दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रात रंगाचे ठिपके वेडेवाकडे, हाताने टिंबं दिल्यासारखे, लहानमोठे दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके शिस्तीत फुलासारखे मांडलेले असतात. लक्ष्मीच्या गालावर भिंग धरलं की दहा सेकंदांत निकाल. चौकट मागून उघडी असेल तर पुठ्ठा बघा, वर्तमानपत्र चिकटवलं असेल तर त्याची तारीख वाचा. पण तारीख चौकटीची असते, चित्राची असेलच असं नाही.

काही चित्रांवर साडीला जरीच्या टिकल्या आणि कापड शिवलेलं असतं. घरातल्या बायकांनी केलेलं काम. मला ती सगळ्यात जास्त आवडतात. व्यापारी मात्र टिकल्या उपटून टाकतात, म्हणतात 'खराब झालंय'.

जुनी पुस्तकं, दिवाळी अंक?

यासाठी जुन्या बाजारापेक्षा पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर आणि मुंबईत फोर्टातल्या फाउंटनचा पदपथ बरा. तरी पथारीवर गठ्ठा दिसला तर सोडू नका. मराठीतला पहिला दिवाळी अंक १९०९ सालचा, 'मनोरंजन'चा. तो मिळणार नाही, पण चाळीस-पन्नासच्या दशकांतले अंक मिळतात. चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असेल तर पानं सुटी असली तरी घ्या. पुस्तक 'प्रथमावृत्ती' आहे का ते पहिल्या दोन-तीन पानांत कळतं. किंमत आण्यांत छापली असेल तर बहुतेक १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून नवे पैसे आले. कसरीची कीड असेल तर घरी आणून बाकीच्या पुस्तकांत ठेवू नका, आठवडाभर वेगळं ठेवा.

लाकडी सामान?

प्रत्येक कपाट 'बर्मा टीक'चं, म्हणजे ब्रह्मदेशी सागवानाचं, असं विक्रेता सांगणारच हे धरून चाला. खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा आणि तळ बघा. पुढून पॉलिश केलेलं सागवान आणि तळाला प्लायवूड असा प्रकार सर्रास असतो. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे. घरी आणलंत तर तुमच्या चांगल्या पलंगालाही लागेल.

घासाघीस कशी करावी? मला फार संकोच वाटतो.

संकोच विक्रेत्याला कळतो आणि तो किमतीत धरला जातो. पण उगाच कमी मागणंही बरं नाही. ऊन खात बसलेला माणूस आहे तो. माझी रीत अशी की ज्या वस्तूवर जीव आहे ती शेवटी उचलायची. आधी शेजारच्या दोन विचारायच्या.

"काका, हे कुलूप?"
"तीनशे."
"आणि हा तांब्या?"
"सातशे. जड आहे बघा."
"बरं. आणि ही पळी?"
"ती काय, घ्या दीडशेला."

पळीच हवी होती.

सकाळी पहिलं गिऱ्हाईक असाल तर 'भवानी' या शब्दाला मान द्या. पहिली विक्री झाल्याशिवाय माणसाचं मन लागत नाही, म्हणून भाव जरा उतरतो. पण भवानीच्या वेळेला भाव विचारून, वस्तू हातात घेऊन, न घेता निघून जाऊ नका. ते फार लागतं. आणि समोर उभं राहून मोबाइलवर किंमत शोधू नका. परदेशी संकेतस्थळावरचा आकडा त्यालाही दिसतो, आणि मग तोच आकडा तुम्हाला सांगितला जातो.

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या दुकानात रीत निराळी. तिथे आधी चहा येतो, बोलणं हिंदीत, आणि 'चाचा, लास्ट बोलो' ला तीन-चार 'लास्ट' असतात.

चोर बाजार आणि जुना बाजार यात फरक काय? आणि गोवा?

चोर बाजार म्हणजे भेंडी बाजाराजवळच्या गल्ल्या. तिथली मुख्य दुकानं पक्की, दुकानदार पिढीजात, वस्तू आधीच निवडून साफ करून ठेवलेल्या. शुक्रवारी दुकानं बंद आणि पहाटे अंधारात रस्त्यावर पथाऱ्या लागतात. खरा शोधायचा दिवस तो. 'शोर'चं 'चोर' झालं असं सांगतात. खरं असो वा नसो, आवाज आहेच. जुन्या बाजारात निवड तुम्ही करायची, म्हणून स्वस्त.

गोव्यातला हणजुण्याचा बुधवारचा बाजार हिप्पींनी सुरू केला, पण आता तिथे बहुतेक नवा माल. फिरायला छान. खजिन्यासाठी नाही.

माल चोरीचा असेल तर?

वाड्यांची पाडापाडी, घर रिकामं करणं, भंगाराचा व्यवहार, यातून बहुतेक माल येतो. तरी नळाच्या नव्या तोट्या, सायकली, मोबाइल, देवळातल्या वाटाव्यात अशा मूर्ती, यांना मी हात लावत नाही. चोरीची वस्तू माहीत असून घेणं हा गुन्हा आहे, आणि 'मला काय माहीत' हे मूर्तीच्या बाबतीत पटण्यासारखं नसतं.

कायद्याचं काही बघावं लागतं का? मुलगी अमेरिकेत आहे, तिला समई पाठवायची आहे.

लागतं. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखितांना आणि कागदपत्रांना ही मर्यादा ७५ वर्षांची. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. भेट म्हणूनही नाही. जुन्या मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं यांची नोंदणी करावी लागते. समई साठ-सत्तर वर्षांची असेल तर अडचण नसावी, पण विमानतळावरच्या माणसाला ते कसं पटणार? त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र मिळतं. आधी ते काढा, मग पेटी भरा.

हस्तिदंत, सांबरशिंग, वाघनखं, कासवाची पाठ यातलं काहीही घेऊ नका. आजोबांच्या काळातलं असलं तरी वन्यजीव कायदा लागतो. तलवार-कट्यारीला शस्त्र कायदा आहे. आणि वाड्याच्या पायात हंडा सापडला तर तो लगेच तुमचा होत नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवर किमतीचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये, हो.

फसवणूक झाली तर वस्तू परत करता येते?

नाही. पुढच्या रविवारी तोच माणूस तिथे बसलेला असतो, चहा पाजतो, आणि म्हणतो, "ताई, तुम्हीच तर बघून घेतलं." खरंच बघून घेतलेलं असतं.

घेतलेल्या वस्तूंची किंमत पुढे वाढेल का?

गुंतवणूक म्हणून घेणार असाल तर नाणी सोडून बाकी सगळं विसरा, आणि नाण्यांतही आधी पाच वर्षं फक्त बघा. विकायला गेलात की तीच वस्तू अचानक 'मार्केट नाही' होते. मी वापरायला घेते. ताम्हन देवघरात आहे, मापट्याने तांदूळ काढतो, प्रभाकर कंदील वीज गेली की लावतो. अडकित्ता मात्र नुसता पडून आहे, घरात सुपारी कुणी खात नाही.

घरातलं जुनं सामान काढायचंय. कुणाला द्यावं?

घाई करू नका, एवढंच. वजनावर देऊ नका, निदान नाव असलेली भांडी तरी. आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एकेक वस्तू दाखवा, ती कशाची आणि कुठून आली ते लिहून घ्या, मग ठरवा.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू स्वतःच आल्या. पदराखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला पितळी कडीचा डबा. "माहेरचा आहे," म्हणाल्या, "सून म्हणते काढून टाका. बघ गं, किती जुना असेल?" मी डबा हातात घेतला आणि उलटा केला. बुडावर टिंबाटिंबांत एक नाव होतं. काकूंनी चष्मा मागितला.